ड्रमकीलची म्हातारी

अट्रॅक्टा रॅटिगन आयुष्यात फारसं खोटं बोलली नव्हती, आणि जे बोलली ते बापाला बरं वाटावं म्हणून. ते खोटंही इतकं साधं होतं की पापाची कबुली देतानासुद्धा तिला ते कधी आठवलं नाही.

बॅलिडेरिनमध्ये तिला सगळे ओळखतात ते लॉन्ड्रीतली अट्रॅक्टा म्हणून. लॉन्ड्री म्हणजे टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळाची. ते बंद पडून आता वीस वर्षं झाली, खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. पण त्या काळी गावातल्या दर घरातलं एक माणूस तिथं कामाला असायचं, आणि आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी घरांतलं एक माणूस तिथं आत असायचं. कामाला असण्याबद्दल लोक मोकळेपणानं बोलत. आत असण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. ज्या घरात वेड आहे त्या घरातल्या मुलीला कोण मागणी घालणार, हा हिशेब आमच्याकडेही होताच.

अट्रॅक्टा अठराव्या वर्षी, एकसष्ट साली, तिथं लागली. चादरी, नाइटगाऊन, राखाडी लोकरी जॅकेटं, सगळं दर आठवड्याला गाडे भरभरून खाली यायचं. प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्यानं नंबर शिवलेला असे. बायका तिला ठाऊक होत्या त्या नंबरांनी. चारशे बारा चादर फाडते, दोनशे सात खिशात पाव लपवते. तोंडं तिनं पाहिली ती लांबून, त्या रांगेनं अंगणात चालायच्या तेव्हा. वॉर्डांना कुलपं असत आणि लॉन्ड्रीच्या पोरींना आत जायची परवानगी नव्हती.

तिचा बाप बार्टी ड्रमकीलला छोटी शेती करायचा, गावापासून चार मैलांवर. अबोल माणूस. दर गुरुवारी बाजारात जायचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी आणायचा. ती कामाला लागल्यावर पहिल्याच शुक्रवारी सकाळी त्यानं ती पुडी तिच्या सायकलच्या टोपलीत ठेवली.

"तिथं एखाद्या म्हाताऱ्या बाईला दे."

"कुठल्या?"

"कुठल्याही. आपल्या ड्रमकीलकडची कुणी असली तर तिला आधी."

अट्रॅक्टानं त्या दिवशी एका नर्सला विचारलं. नर्सनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुन्हा विचारलं नाही. दहाच्या चहाला पुडी फुटली. पाच पोरी आणि एक पुडी, किती वेळ टिकणार. संध्याकाळी बाप जेवायला बसला. शुक्रवार म्हणजे मांस नाही, उकडलेली अंडी. अंड्याचं डोकं चमच्यानं उडवत त्यानं विचारलं, "दिल्यास?"

"दिल्या."

"कुणाला?"

आता काय सांगायचं. "आहे एक म्हातारी. ड्रमकीलकडचीच म्हणे."

बापाचा हात थांबला. "कशी आहे?"

"बरी आहे की. पांढरे केस. दोन गोळ्या खाल्ल्या आणि बाकीच्या उशीखाली ठेवल्या."

"हसली का?"

"हसली."

त्यानं पावाची आणखी एक चकती कापून घेतली आणि लोणी जरा जास्तच लावलं. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा पुडी आणि पुन्हा प्रश्न. मग त्या म्हातारीला जिवंत ठेवणं भागच होतं. अट्रॅक्टानं तिला हळूहळू दात दिले, संधिवात दिला, गाणं गुणगुणायची सवय दिली. कधी म्हातारीला सर्दी झाली तर बाप आठवडाभर चेहरा पाडून असायचा, मग अट्रॅक्टा घाईघाईनं तिची सर्दी बरी करायची. लॉन्ड्रीतल्या पोरी हे ऐकून पोट धरून हसत. अशी पाच वर्षं गेली. अट्रॅक्टाला स्वतःलाही ती म्हातारी आवडायला लागली होती.

बाप अडुसष्ट साली गेला. मग आई गेली. अट्रॅक्टानं लग्न केलं नाही, तिच्या भावानं, ल्यूकनंही नाही. निवृत्त झाल्यावर ती ड्रमकीलच्या घरी त्याच्याजवळ राहायला गेली, आणि गेल्या जानेवारीत ल्यूकही गेला. त्याला पुरताना तिला लाज वाटली. रॅटिगनांच्या कबरीवर एक शेतातला दगड होता आणि त्यावर आडनावाखेरीज एक अक्षर नव्हतं. जुलैच्या शेवटच्या रविवारी पाद्री सगळ्या कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतो, गावोगावची माणसं आपापल्या दगडाजवळ उभी राहतात. या वर्षी आपण नीट कोरलेल्या दगडाजवळ उभं राहायचं आणि आपलं एकही माणूस त्यावरून सुटता कामा नये, एवढंच तिनं मनाशी धरलं. ती घराण्यातली शेवटची. तिच्यानंतर नावं सांगायला कुणी उरणार नव्हतं.

फेस्टस पाथरवटानं मोजून सांगितलं, "सात नावं बसतील. आठवं घातलं तर कोंबल्यासारखं दिसेल."

तिनं बोटं मोजली. आजोबा थॅडी, आजी ऑनर, काका मार्टिन, बाप, आई, ल्यूक. बाकीचे बोस्टनला नाहीतर इंग्लंडात पुरलेले. "सहा झाले. सातवी ओळ मोकळी ठेव, मला लागेल."

"घाई नाही ना?" फेस्टस म्हणाला.

"तुझी बिलं बघून लवकरच लागेल असं वाटतंय."

आजीआजोबांची वर्षं मात्र तिला माहीत नव्हती. चर्चचं जुनं रजिस्टर ओल लागून चिकटलेलं. म्हणून ती लायब्ररीत गेली. तिथं क्लीना नावाची तिशीतली मुलगी आहे. उन्हाळ्यात अमेरिकेहून आपलं मूळ शोधत येणाऱ्यांना जुन्या खानेसुमारीचे कागद काढून द्यायचं काम तिच्याकडे. कागद तरी किती उरलेत. एकोणिसाव्या शतकातल्या खानेसुमाऱ्यांतल्या काही लढाईत जळाल्या आणि काहींचा सरकारनंच लगदा केला. धड राहिल्या त्या दोनच, एकोणीसशे एक आणि एकोणीसशे अकरा. तेव्हा दर घराला एक मोठा कागद दिला जाई, घरच्यांनी तो भरायचा आणि शिपायानं येऊन न्यायचा.

क्लीनानं एकोणीसशे एकचा कागद पडद्यावर आणला. ड्रमकील, घर क्रमांक नऊ. थॅडी पंचेचाळीस, ऑनर अडतीस, दोघांनाही लिहितावाचता येत नाही. खाली मुलं. अट्रॅक्टा वाचता वाचता थांबली.

"हे डॅडींचं अक्षर आहे."

"कुठलं?"

"हा पाचाचा आकडा बघ. वरची रेघ वेगळी, डोक्यावर टोपी ठेवल्यासारखी. ते असाच काढायचे. बियाण्यांची पाकिटं आहेत घरी, सगळ्यांवर हाच पाच."

क्लीनानं बोट खाली नेलं. "बार्टी, मुलगा, वय दोन. त्यांनी नाही भरलेला."

"मग कुणी?"

"घरात लिहितावाचता येणारी ही मोठी दिसतेय. विनिफ्रेड, वय अकरा. तुमची आत्या."

"मला विनिफ्रेड नावाची आत्या नाही."

"होती," क्लीना म्हणाली.

मग दुसरा कागद आला, एकोणीसशे अकराचा. त्यात विनिफ्रेड नव्हती. त्या वर्षी लग्न झालेल्या बायकांना एक जादा प्रश्न विचारला होता, एकूण मुलं किती झाली आणि त्यांतली जिवंत किती. ऑनर रॅटिगनच्या नावापुढे लिहिलं होतं सहा, आणि त्यापुढे पाच. पाचाच्या डोक्यावर टोपी. तळाशी थॅडीनं सहीऐवजी फुली मारलेली. या वेळी बार्टी बारा वर्षांचा होता आणि घरात लिहायचं काम त्याच्याकडे आलं होतं. पाच कसा काढायचा हे त्याला कुणी शिकवलं असेल ते अट्रॅक्टाला कळलं, आणि तिला भर लायब्ररीत रडू आलं.

"अकरा ते एकवीस वयाच्या मध्येच गेली बिचारी," ती म्हणाली. "डॅडी कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मला तिचं वर्ष काढून दे. ती दगडावर यायला हवी."

वर्ष निघेना. क्लीनानं त्या दहा वर्षांतली मृत्यूची नोंदवही चाळली, विनिफ्रेड रॅटिगन त्यात मेलेली नव्हती. लग्न झालेल्यांत नव्हती. बोटीनं गेलेल्यांत नव्हती. तीन आठवडे अट्रॅक्टा मंगळवारी आणि शुक्रवारी बस पकडून येत राहिली. सोबत घरचा पाव आणायची, दोघी चहाबरोबर खायच्या. बोलता बोलता तिनं बापाच्या गोळ्यांची गोष्टही सांगितली. कसा तो माणूस, कुणाची ओळख ना देख, दर आठवड्याला पुडी पाठवायचा. तिच्या बोलण्यात अभिमान होता. पुडी कुणी खाल्ली ते तिनं सांगितलं नाही. गोष्ट बापाची होती, स्वतःचं कशाला मध्ये आणायचं.

चौथ्या आठवड्यात क्लीना जरा घुटमळली. "अट्रॅक्टा, एक जागा बघायची राहिलीय. तुमची हरकत नसेल तर बघते."

"कुठली?"

"टेकडीवरची."

अट्रॅक्टानं पावाचे कण टेबलावरून हातावर गोळा केले. "बघ," ती म्हणाली.

एकोणीसशे अकराच्याच खानेसुमारीतले, पण इस्पितळाचे कागद वेगळे होते. तिथं पूर्ण नावं लिहिलेली नाहीत, फक्त आद्याक्षरं. घराण्याच्या अब्रूसाठी, असं म्हणतात. ज्यांनी पोटची पोर आत टाकून वर ती मेली म्हणून लिहून दिलं, त्यांच्या अब्रूची सरकारला केवढी काळजी. पान भरून आद्याक्षरं होती, एकाखाली एक, बायकांची. बाविसाव्या ओळीत डब्ल्यू. आर. वय एकवीस. अविवाहित. शेतकऱ्याची मुलगी. लिहितावाचता येतं. आजार दोन वर्षांपासून. आजाराचं कारण: माहीत नाही.

"दुसरी कुणीही असेल," अट्रॅक्टा म्हणाली. "डब्ल्यू. आर. काय, ढिगानं असतील."

क्लीनानं पडद्यावरची वही बदलली. मृत्यूच्या नोंदी ती पुढं पुढं नेत गेली. वीस साल, तीस, चाळीस. अट्रॅक्टा पडद्याकडे बघत होती आणि दर दशकाला तिला वाटत होतं की आता सापडावी, इथंच सापडावी, यापुढे जाऊ नये. पन्नास गेलं. साठ गेलं.

अकरा फेब्रुवारी एकोणीसशे सहासष्ट. विनिफ्रेड रॅटिगन, मुक्काम मानसिक रुग्णालय, बॅलिडेरिन. अविवाहित, शेतकऱ्याची मुलगी, वय शहात्तर. न्यूमोनिया.

अट्रॅक्टाचं वयही शहात्तर होतं. तिनं मनाशी आकडा मांडला आणि पुन्हा मांडला. एकसष्ट ते सहासष्ट. पाच वर्षं आपण तिचे कपडे धुतले. तिचा नंबर आपल्या हाताखालून गेला, दर आठवड्याला. ती अंगणातली रांग डोळ्यांपुढे आणायचा तिनं जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. राखाडी जॅकेटं आली, पांढरी डोकी आली, चालणारे पाय आले. तोंड एकही येईना. जे एक तोंड येत होतं ते तिनं स्वतः बनवलेल्या म्हातारीचं.

क्लीनानं तिच्या हातावर हात ठेवला. पोर मनानं चांगली आहे, तिला काय ठाऊक. "म्हणजे तुमच्या वडलांना माहीत होतं," ती म्हणाली. "ते कुणाही म्हातारीला पाठवत नव्हते. त्यांना तिचं नाव घ्यायची चोरी होती, म्हणून ड्रमकीलकडची म्हणाले. आणि तुम्ही पोचवत होतात. विचार करा ना. शेवटची पाच वर्षं तरी तिला घरचं काहीतरी गोड मिळालं."

"हो," अट्रॅक्टा म्हणाली.

तिनं कोट घातला, एकदा चुकीचं बटण लावलं, ते काढून पुन्हा लावलं, आणि बसस्टॉपवर जाऊन बसली. एक बस तिनं सोडून दिली.

तिला आता सगळं आठवत होतं, नको तितकं. त्या फेब्रुवारीत बाप एकदा आडवारी दाढी करून, रविवारचा कोट घालून चर्चला गेला होता. कशाला, विचारल्यावर म्हणाला, असंच. नक्की इस्पितळाचं पत्र आलं असणार. त्यानंतर पुडी बंद झाली. मग ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस लागले. तिला वाटलं, बापानं उपासाला गोळ्या सोडल्या असतील, आपल्या आणि दुसऱ्यांच्याही. आमच्याकडे लोक असलं काहीतरी सोडतातच. ईस्टर झाला तरी पुडी येईना. लॉन्ड्रीतल्या पोरींना सवय लागलेली, त्या कटकट करायला लागल्या. आणि एका शुक्रवारी, अंडी खाताना, तिनंच विषय काढला होता.

"डॅडी, गोळ्या बंद का केल्या? तुमची ड्रमकीलची म्हातारी कालच विचारत होती."

बापानं चमचा खाली ठेवला. "काल?"

"काल. म्हणाली, बार्टी मला विसरला की काय."

इतकी वर्षं तिनं म्हातारीच्या तोंडी बापाचं नाव कधी घातलं नव्हतं. त्या दिवशी घातलं. तेवढ्यानं तरी पाघळेल म्हणून.

"माझं नाव घेतलं तिनं?"

"घेतलं की."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. रागावला असता तर तिला कळलं तरी असतं. मग अर्धं अंडं तसंच टाकून तो उठला आणि कोंबड्यांना कोंडायला बाहेर गेला, अजून उजेड होता तरी. पुडी पुन्हा आली नाही. इस्पितळाबद्दल त्यानं पुन्हा कधी काही विचारलं नाही. तिला वाटलं, म्हातारपणी माणसाचं मन उडतं कशावरूनही. दोन वर्षांनी तो गेला.

बहीण दोन महिन्यांपूर्वी पुरली गेलेली, आणि लेक सांगतेय की ती काल बोलली. तेवढ्या एका वाक्यानं बापाला मागचं सगळं कळलं असणार. दोन गोळ्या खाल्ल्या ते, उशीखाली ठेवल्या ते, हसली ते, सर्दी बरी झाली ते. बारा वर्षांचा असताना त्यानं तिला एका आकड्यानं मारलं होतं. कुणी लिहायला लावलं हे आता कुणाला कळणार. पण म्हातारपणी दर शुक्रवारी तो तिच्या उशाशी थोडा वेळ जाऊन येत होता, असं त्याला वाटत होतं, आणि अट्रॅक्टानं तेही काढून घेतलं. वर त्यानं तिला कधी बोल लावला नाही. तिला वाटलं, लावायला हवा होता. एक थोबाडीत द्यायला हवी होती. निदान त्या दिवशी ती टेकडीवर धावत गेली असती, विनिफ्रेडचा नंबर कुठला होता ते विचारलं असतं, कुणाला तरी तिचं तोंड आठवत असतं. आता ते सगळे मेले. दुसरी बसही निघून गेली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती फेस्टसकडे कागद घेऊन गेली. त्यानं चष्मा लावून वाचला.

"ही विनिफ्रेड कुठून आली?"

"आत्या. डॅडींच्या वर घाल. त्यांच्याहून मोठी होती."

"आठ होतात, अट्रॅक्टा. मी सांगितलं होतं."

"सातच आहेत. नीट बघ."

त्यानं पुन्हा बोट फिरवत मोजलं. शेवटची मोकळी ओळ तिनं खोडली होती. "आणि तुम्ही?"

"मला नको."

"अहो, असं कसं नको. माझ्या आईनंसुद्धा जागा धरून ठेवली होती, शेजारणीशी भांडून. हिला दुसरीकडे कुठं तरी..." तो थांबला. "पुरलीय कुठं ही?"

"इस्पितळाच्या मागच्या शेतात. कुठं ते माहीत नाही. तिथं खुणा नाहीत."

टेकडीवरच्या शेताबद्दल फेस्टसला सांगायची गरज नव्हती. त्यानं पेन्सिल कानामागून काढली आणि नाव आपल्या वहीत उतरवून घेतलं. मग, काहीतरी बोलावं म्हणून, म्हणाला, "लाडकी आत्या असणार. स्वतःची जागा दिलीत म्हणजे."

"मी तिला कधी पाहिलं नाही," अट्रॅक्टा म्हणाली. मग म्हणाली, "पाहिलंही असेल."

फेस्टसला यातलं काही कळलं नाही. त्यानं वर्ष विचारलं, तिनं सहासष्ट सांगितलं, आणि त्यानं ते लिहून घेतलं.